चालते दुकान

दुकान बुडते ते वाईट दिवसांत, असा सर्वसाधारण समज आहे. वाईट दिवसांत ते बंद होते, इतकेच खरे. बुडण्यास आरंभ पुष्कळदा चांगल्या दिवसांतच झालेला असतो. त्या वेळी गल्ला भरलेला असतो, फळ्यांवर माल असतो, येता-जाता चार प्रतिष्ठित माणसे नमस्कार करीत असतात. आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री वहीवर गंधाक्षता वाहणाऱ्या यजमानाची प्रसन्न मुद्रा पाहून घरातील वडीलधारी मंडळीही निश्चिंत होतात. नोकरी हेच ज्यांचे पिढीजात वतन होते अशा आपल्या घरांतूनही आता कोणी औषधांचे दुकान घालतो, कोणी छापखाना काढतो, कोणी फराळाच्या जिनसा करून विकतो. तेव्हा या विषयाचा थोडा विचार येथे केल्यास तो वाचकांस अस्थानी वाटणार नाही, अशी आशा आहे.

संस्कृतात ‘अलम्’ असे एक अव्यय आहे. त्याच्या योगाने चतुर्थी आली म्हणजे ‘समर्थ, पुरेसा’ असा अर्थ होतो. एक मल्ल दुसऱ्या मल्लाला पुरून उरतो हे सांगताना ही चतुर्थी लागते. तृतीया आली म्हणजे त्याच अव्ययाचा अर्थ ‘पुरे, नको’ असा होतो; ‘अलं श्रमेण’, श्रम पुरेत. दुकानदार स्वतःविषयी ‘अलम्’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात चतुर्थी असते. त्याच सुमारास गिऱ्हाईक तृतीया योजू लागलेले असते, आणि याला त्याचा पत्ता नसतो. उदाहरण वर्गात देण्याजोगे आहे. मात्र ते नीट समजण्यास मुलांना आधी दुकान काढावे लागेल.

आमच्या परिचयाच्या एका गावी शाळेसमोर शालोपयोगी वस्तूंचे दुकान होते. गावाचे व घराण्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. आजोबांनी पाट्या, पेन्सिली, टाक आणि दौती यांवर ते उभे केले. मुलाने पाठ्यपुस्तकांची विक्री आणली. १९६७ साली बालभारतीची स्थापना झाली, तिची पुस्तके गावोगाव चालू झाली, आणि जूनचा महिना हा त्या दुकानाचा सुगीचा हंगाम ठरला. वर्षाची निम्मी कमाई त्या चार-पाच आठवड्यांत होई. तिसऱ्या पिढीत तिघे बंधू गादीवर आले. थोरल्या बंधूंचे एक वाक्य ठरलेले असे: “शाळा आहे तोवर दुकान आहे.”

शाळा आजही आहे. परंतु सर्व शिक्षा अभियानाखाली अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना पुस्तके विनामूल्य मिळू लागली. बरीच मुले इंग्रजी माध्यमाकडे वळली, आणि त्या शाळांपैकी कित्येक तर वह्या-पुस्तकांचा संच आपल्याच कचेरीतून देतात. समोरच्या बाजूस एका तरुणाने झेरॉक्सचे यंत्र बसविले. मग पेने, मग प्रकल्पाच्या वह्या, मग परीक्षांचे व नोकरीचे अर्ज भरून देणे, अशी एकेक पुस्ती तो जोडीत गेला. त्याच्याकडे पाहून बंधू म्हणत, “कालचे पोर आहे!” हे सारे घडण्यास पंधरा-वीस वर्षे लागली.

इतक्या वर्षांत तिघांपैकी एकासही ते का कळू नये? ते आळशी नव्हते, व्यसनी तर मुळीच नव्हते. सकाळी आठाच्या ठोक्याला फळ्या निघत. गोम अशी की, त्यांच्या हिशेबाच्या रीतीत तोटा उमटण्यास जागाच नव्हती. गाळा घरचा, म्हणून भाडे नाही. माणसे घरची, म्हणून पगार नाही. वर्षाअखेर हाती उरेल तो नफा. एकत्र कुटुंबाच्या धंद्याचे हे मोठे बळ आहे, आणि तेवढाच जाड पडदाही आहे. समजा, खर्च वजा जाता वर्षाकाठी ४,२०,००० रुपये उरले. हीच तीन माणसे दुसऱ्याच्या दुकानी दरमहा १५,००० रुपयांवर राहती, तर वर्षाचे ५,४०,००० होते. गाळा दरमहा १२,००० रुपयांनी भाड्याने दिला असता तर १,४४,००० आले असते. मालात ८,००,००० रुपये अडकलेले. त्यांवर सालिना ९ टक्के धरले तर ७२,०००. एकंदर ७,५६,००० झाले. म्हणजे ४,२०,००० रुपयांचा नफा दाखविणारे दुकान वस्तुतः ३,३६,००० रुपयांनी मागे पडले. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. ज्याने त्याने आपापले घालावेत. आणि तो ८,००,००० रुपयांचा माल तरी खरा किती? जुन्या अभ्यासक्रमाची मार्गदर्शके, कडा पिवळ्या पडलेल्या वह्या, बाटलीत वाळून गेलेली शाई, या सर्वांची किंमत वहीत खरेदीच्या भावाने मांडलेली असते. रद्दीवाला ती किलोच्या भावाने मांडील.

त्या घरात हा हिशेब प्रथम मांडला तो थोरल्या बंधूंच्या सुनेने. ती वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. कोणी सांगितले नसता तिने दोन वर्षांच्या वह्या चाळल्या आणि एक कागद करून सासऱ्यांपुढे ठेवला.

“मामंजी, दुकानाच्या उत्पन्नावर घर चालते असे आपण म्हणतो, पण घराच्या जिवावर दुकान चालले आहे, असे या कागदावरून दिसते.”

“सूनबाई, वहीतील शिल्लक तुम्ही पाहिली नाहीत का?”

“पाहिली. आत्याबाईंचे व्याज त्या शिलकेतून गेलेले मात्र मला आढळले नाही.”

येथे सासरे गप्प झाले. घरातील दोन वृद्ध आत्याबाईंची आयुष्यभराची पुंजी त्या दुकानात ठेव म्हणून होती. बँकेपेक्षा माहेर बरे, या विश्वासाने ठेवलेली. व्याज दर दिवाळीस चोख पोचत असे. गेली काही वर्षे ते घाऊक व्यापाऱ्याचे देणे थकवून पोचत होते.

याच शाईच्या धंद्यातील दुसरे चित्र पाहण्यासारखे आहे. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि वड्या ‘हॉर्स ब्रँड’ या नावाने विकण्यास आरंभ केला. फाउंटन पेनांचा प्रसार होऊ लागताच त्यांनी त्यांच्यासाठी ‘कॅमल’ शाई काढली, आणि यातूनच पुढे ‘कॅम्लिन’ हे नाव घरोघरी गेले. शाईचा वैरी तिकडे त्याच दशकात जन्मास येत होता. लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने बॉलपेनाच्या युक्तीचे पेटंट १९३८ साली घेतले. १९४५ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या एका दुकानी त्या जातीची पेने विक्रीस आली तेव्हा लोकांची झुंबड उडाली. आमच्या शाळांतून, अक्षर बिघडते म्हणून, बॉलपेनाला पुष्कळ दिवस मज्जाव होता. शाईवाल्यास त्या मज्जावावर विसंबून सुखाने बसता आले असते. या मंडळींनी चित्रकलेचे रंग, पेन्सिली, कंपासपेट्या यांची कास धरली. दौतीचे दिवस संपले तरी दप्तरातील त्यांची जागा संपली नाही. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने त्या धंद्याचा मोठा हिस्सा विकत घेतला. परकी मालकी आली याचे वाईट वाटणारे आमच्यासारखे जुने लोक आहेत. तथापि ऐंशी वर्षांनंतर दुसऱ्याने मोल देऊन घ्यावे असे काही शिल्लक असणे, हेही लहान काम नव्हे.

यावरून कोणी दर सहा महिन्यांनी नवा धंदा आरंभू नये. तो निराळा रोग आहे.

गिऱ्हाईक भांडून जात नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. जे भांडते ते उद्या पुन्हा येणार असते. ज्याचे मन उडाले ते मुकाट्याने रस्ता ओलांडते आणि सणावारी भेटले म्हणजे पूर्वीसारखेच हसते. गल्ल्यावर बसलेल्यास आलेला माणूस दिसतो, न आलेला दिसण्याचा काही उपाय नाही. म्हणून वर्षातून एकदा जुनी उधारीची वही घेऊन बसावे आणि गतवर्षी आलेली कोणती नावे यंदा आली नाहीत, त्यांची यादी करावी. सूनबाईंनी ती केली. त्यांना १४० नावे सापडली. त्यांपैकी गाव सोडून गेलेली केवळ ३१ होती.

त्या दुकानाचा निम्मा गाळा आता भाड्याने दिला आहे. मधले बंधू एका सहकारी पतपेढीत हिशेबनीस झाले. उरलेल्या निम्म्यात सूनबाई स्पर्धापरीक्षांची पुस्तके आणि एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचे साहित्य ठेवतात, आणि वापरलेली पुस्तके अर्ध्या किमतीस घेऊन विकतात. पहिल्या भाड्याचे पैसे कोठे जावेत यावर घरात दोन दिवस वाद झाला. अखेर थोरल्या बंधूंनीच ते आत्याबाईंकडे पाठविले. दोघींपैकी एकीची ठेव पुरती फिटली आहे, दुसरीची अद्याप निम्मी बाकी आहे.