गादी घाण होती, म्हणून टाळ्या वाजवायच्या?

29 जुलै 2022. पंजाबातल्या फरीदकोटचं सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. आरोग्यमंत्री चेतनसिंग जौरामाजरा कॅमेऱ्यांसह वॉर्डात शिरले, फाटकी-मळकी गादी पाहिली आणि सोबत असलेल्या बाबा फरीद आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूंना तिच्यावर झोपायला लावलं. डॉ. राज बहादूर, सत्तरी ओलांडलेले, मणक्याचे नावाजलेले सर्जन. झोपले, उठले आणि राजीनामा पाठवून दिला.

तो व्हिडिओ आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवरही आला. खाली ‘शाब्बास’ची रांग. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही मनात म्हटलं, बरी जिरवली. अम्मी तीन आठवडे सरकारी दवाखान्यात होती तेव्हा आम्ही गादीवर घरची गोधडी अंथरली होती, तरी वास यायचा. सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, “मागणी वर पाठवलीय.”

आता विचार करा, हे ‘वर’ म्हणजे कोण? फरीदकोटला त्या दिवशी ‘वर’ स्वतःच वॉर्डात उभा होता! रुग्णालयाला पैसा द्यायचा सरकारनं, आणि गादीवर झोपायचं डॉक्टरनं. आपला संताप खरा होता. मंत्र्यांनी तो फुकटात स्वतःच्या नावावर करून घेतला.

आपल्याकडेही हेच झालं. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यात 12 नवजात बाळं. औषधं नाहीत, माणसं नाहीत अशी ओरड चालू असताना खासदार हेमंत पाटील आले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. कॅमेरा होताच. खासदारांवर ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. पण झाडू मारून इंजेक्शनं येतात का?

कुलगुरू, अधिष्ठाता यांना जाब विचारूच नये, असं मी म्हणत नाही. चौकशी करा, दोषी असतील तर घरी पाठवा, लेखी कारण देऊन. पण कान धरायला लावणं, घोषणा द्यायला लावणं, माणसाला कॅमेऱ्यासमोर वाकवणं, असले व्हिडिओ आपण मुसलमानांनी कमी पाहिलेत का? तेव्हा आपण म्हणतो, कायद्यानं काय ते करा. मग डॉक्टरची पाळी आली की अंगठा वर कसा करतो आपण?

राज बहादूर गेले. नव्या कुलगुरूच्या नावावरून पंजाब सरकार आणि राज्यपाल यांची जुंपली. राज्यपालांनी एका नावाऐवजी तीन नावं मागितली. जानेवारी 2023 मध्ये मंत्र्यांचं आरोग्य खातंही गेलं. गाद्यांचा विषय मात्र आमच्या ग्रुपवर पुन्हा निघाला नाही.

मागच्या महिन्यात शेजारच्या खालांना अम्मीच्याच दवाखान्यात भरती केलं. गोधडी आम्ही घरूनच नेली.