शटर एक, रिमोट दोन

दादानं एसयूव्ही बुक केली तेव्हा घरात रंगावर चर्चा झाली, सनरूफवर झाली, ईएमआयवर तर रात्री बारापर्यंत झाली. एका गोष्टीवर मात्र कुणीच बोललं नाही. ही बया घरात शिरणार कुठून?

आमचं घर पश्चिम नागपुरातल्या एका जुन्या लेआउटमध्ये. १९७९ साली आजोबांनी बांधलेलं. खाली शेजारी शेजारी दोन गॅरेज, प्रत्येकाला ८ फुटांचं शटर आणि मधोमध दीड फुटाचा विटांचा खांब. दोन मुलं म्हणून दोन शटर, इतका साधा हिशेब होता तो! डावं बाबांचं, उजवं काकांचं. डाव्यात फियाट आली. तिची रुंदी जेमतेम दीड मीटर, तेव्हा ८ फूट म्हणजे मैदानच. दादाची नवी गाडी १.८९ मीटरची, तीही आरसे सोडून. शटरचे दोन्ही बाजूंचे चॅनेल वजा केले तर उरते सव्वादोन मीटर जागा. म्हणजे रोज सकाळी मिहानला निघताना आरसे मिटायचे, श्वास रोखायचा आणि आईनं मागे उभं राहून ‘ये, ये, थांब, थांऽऽब’ करायचं. तिसऱ्याच दिवशी दारावर चरा पडला. दादाचा चेहरा बघवत नव्हता.

मग त्याचा फंडा ठरला. मधला खांब उडवायचा, दोन शटरचं एकच मोठं दार करायचं आणि ते रिमोटवर चालवायचं. हॉलिवूडच्या सिनेमात असतं ना, अगदी तस्सं! तिकडे हे प्रकरण शंभर वर्षं जुनं आहे. सी. जी. जॉन्सन या गृहस्थांनी अमेरिकेत वर सरकणारं गॅरेजचं दार काढलं १९२१ साली आणि ते विजेवर उचलणारी मोटर १९२६ साली. आपण फार उशीर केलाय, असं दादाचं म्हणणं.

मिस्तरी आला. त्यानं खांबावर दोनदा हात आपटला आणि म्हणाला, “पाडाले एक दिवस लागते भाऊ. पण वरच्या खोलीले काय सांगान?”

हा प्रश्न लाखाचा होता. मग आला स्ट्रक्चरल इंजिनियर. त्यानं चहाचा कप बाजूला ठेवून कागदावर जे दाखवलं, ते ऐकून आम्ही गारच झालो. दोन्ही शटरवर एकेक छोटा लिंटेल आहे आणि दोघांचं एकेक टोक या मधल्या खांबावर टेकलंय. वरची भिंत, स्लॅब, आईचं देवघर, सगळ्यातला मोठा वाटा इथूनच खाली उतरतो. खांब काढला की मधला आधार गेला आणि ८ फुटांचा गाळा झाला साडेसतरा फुटांचा. तुम्ही म्हणाल, दुप्पट रुंदी म्हणजे दुप्पट जाड बीम. चूक! दर फुटावरचा भार तोच ठेवला, तरी बीमला मोडू पाहणारा ताण जवळपास पावणेपाचपट होतो. आणि बीमही तोच ठेवला, तर मध्ये झुकणं होतं जवळपास २३ पट. आधी बीम झुकतो, मग शटर अडकतं, मग वरच्या भिंतीला तडा जातो.

शिवाय खांबाचा भार काही हवेत विरत नाही. तो दोन टोकांना सरकतो. म्हणजे तिथे नवे कॉलम, त्यांना नवा पाया. आमच्या घराखाली काळी माती, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. त्यामुळे पाया किती खोल घ्यायचा, हे आधी खणून बघूनच ठरणार. आणि भार वाहणारा भाग हलवायचा, म्हणजे मंजूर नकाशा घेऊन आर्किटेक्टमार्फत परवानगीचं बघणंही आलंच. ‘आतल्या आत उरकून टाकू’ हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तडा गेल्यावर त्यातलं कुणी फोन उचलत नाही.

एवढं सगळं ऐकून झाल्यावर इंजिनियरनं सहज विचारलं, “दुसरं गॅरेज कुणाच्या नावावर आहे?”

सगळे गप्प. काका पुण्याला जाऊन आता वीस वर्षं झाली. घर अजून दोघांच्या नावावर. उजव्या शटरला काकांचं कुलूप, आत चादर पांघरलेली त्यांची चेतक. भांडण वगैरे काही नाही हो! दिवाळीला फोन होतो, लग्नाकार्यात भेट होते. पण ‘तुझ्या अर्ध्याचं काय करायचं?’ हा विषय दोघांनी कधी काढला नाही. आणि आम्ही तर काकांच्या गॅरेजसकट मापं घेऊन मोकळे झालो होतो.

बाबांनी त्या रात्री फोन लावला. स्पीकर सुरू होता, म्हणून आम्हालाही ऐकू आलं. काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “भाऊ, मिस्तरी येऊन गेल्यावर विचारतोस होय?”

बाबांकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडेही नव्हतं. दादानं महिनाभर त्या गाडीचं नावसुद्धा काढलं नाही. ती बाहेर रस्त्यावर कडुनिंबाखाली उभी, अंगावर पक्ष्यांची नक्षी!

दिवाळीत काका आले. चावी खिशातच होती. कुलूप उघडलं, पण शटरची स्प्रिंग गंजलेली, तिघांनी मिळून ते वर ढकललं. काका चेतकजवळ बराच वेळ उभे होते. मग त्यांनी इंजिनियरचा कागद मागवला आणि रिटायर्ड बँकवाल्यासारखी एकेक ओळ तपासली. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. एकच दार बंद पडलं तर दोन्ही गाड्या आत अडकतील, त्याचं काय? आणि वीज गेली तर? आमच्यापैकी कुणालाच हे सुचलं नव्हतं. ८ फुटांचं शटर हातानं उचलता येतं. साडेसतरा फुटांचं १२० चौरस फुटांच्या वर जातं, त्याला गिअर नाहीतर मोटर हवीच. म्हणून हातानं ओढायची साखळी ठरली, मध्ये कुणी आलं की दार थांबवणारा सेन्सर ठरला आणि मे-जूनच्या वावटळींसाठी जाड पट्ट्या. मग काकांनी सही केली.

काम जानेवारीत निघालं. आधी वरचा भार जॅकवर आणि टेकूंवर घेतला, मगच खांबाला हात लावला. बीम भरल्यावर दादाला घाई झाली होती. पण साडेसतरा फूट म्हणजे ५.३ मीटर, आणि आयएस ४५६ सांगतं की ६ मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू किमान १४ दिवस काढायचे नाहीत. त्या दिवसांत गोणपाट ओलं ठेवायची ड्यूटी बाबांनी घेतली. सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभे. रोज संध्याकाळी पुण्याला फोन. “आज सहावा दिवस. नाही, तडा नाही.” वीस वर्षांत दोघं इतकं बोलले नसतील.

आता दादाची गाडी एका झटक्यात आत येते. उजव्या कोपऱ्यात चेतक आहे, चादर नवी आहे. दाराबरोबर दोन रिमोट आले. एक दादाच्या चावीला. दुसरा बाबांनी कुरिअरनं पुण्याला पाठवला.

तिथून बटण दाबून इथलं दार उघडत नाही, हे काकांनाही माहीत आहे. तरी तो रिमोट त्यांनी घराच्या चाव्यांच्या जुडग्याला लावलाय, असं काकू सांगत होती.