फायब्रिनोजेन वाढले म्हणजे जिवाणूच?

पावसाळा सुरू झाला की तिव्याचे रुग्ण येऊ लागतात. काल भरपूर दूध दिलेली गाय आज तापाने फणफणते, पाय आखडून उभी राहते, लाळ गाळते आणि संध्याकाळपर्यंत बसते. तिचे रक्त तपासले तर न्यूट्रोफिल वाढलेले, फायब्रिनोजेन चढलेले आणि कॅल्शियम उतरलेले दिसते. असा रिपोर्ट पाहून हात लगेच अँटिबायोटिककडे जातो. तो थांबवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दाहाची प्रथिने वाढली की जिवाणू, नाहीतर विषाणू, हा ठोकताळा माणसांच्या सीआरपीवरून आपल्याकडे आला. गायीत सीआरपी फारशी कामाची नाही. तिच्यात हॅप्टोग्लोबिन आणि सिरम अमायलॉइड ए ही प्रथिने पाहायची असतात, आणि वासरांच्या श्वसनमार्गातील सिन्सिशियल विषाणूने ही दोन्ही वाढतात. तिव्यात तर रक्तवाहिन्या आणि सांधे यांचा दाह विषाणूमुळेच होतो. म्हणूनच दाहशामक आणि कॅल्शियम दिल्यावर गाय उठते.

फायब्रिनोजेन मोजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. ईडीटीएच्या रक्ताच्या दोन केशनलिका फिरवा. एकीतल्या प्लाझ्माचे एकूण प्रथिन रिफ्रॅक्टोमीटरवर वाचा. दुसरी ५६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तीन मिनिटे ठेवा, पुन्हा फिरवा आणि वाचा. दोन्हींतला फरक म्हणजे फायब्रिनोजेन. निरोगी गायीत ते १०० मि.लि.ला साधारण ३०० ते ७०० मि.ग्रॅ. असते. साध्या नळीत गोठलेले रक्त यासाठी चालत नाही, कारण गुठळी होताना फायब्रिनोजेनच खर्ची पडते.

आकडा हाती आला तरी तो दाह किती आहे एवढेच सांगतो, कोणामुळे हे सांगत नाही. गाय नुकतीच व्यालेली असली तर हॅप्टोग्लोबिन आधीच वाढलेले असू शकते. थायलेरिया-बबेसियात रक्तपेशी फुटत असतील तर त्याचा अर्थ आणखी बदलतो. विषाणू ओळखायचा तर ताप चढलेला असतानाच घेतलेले ईडीटीएचे रक्त पीसीआरला गेले पाहिजे. लम्पीची शंका असेल तर गाठीची खपली पाठवावी.

अँटिबायोटिकची गरज तिव्यातही पडते, पण ती बहुधा न्यूमोनिया झाल्यावर. आणि तो न्यूमोनिया अनेकदा आपल्या डोळ्यांदेखत ओढवून घेतलेला असतो. घसा लुळा पडलेल्या गायीला पशुपालक काढा पाजतो आणि तो थेट फुप्फुसात उतरतो. तोंडाने काहीही पाजू नका, हे पहिल्याच भेटीत बजावून सांगितले पाहिजे. ताप गेल्यावरही फायब्रिनोजेन काही दिवस चढेच राहू शकते, म्हणून तेवढ्यावरून अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स लावू नये. आधी छातीला स्टेथोस्कोप लावावा, ताप पुन्हा चढतो आहे का ते पाहावे. केसपेपरवर तापाचा कितवा दिवस आणि विण्याची तारीख लिहिलेली नसेल, तर प्रयोगशाळेने दिलेला आकडा वाचायचा तरी कशावरून?