लिलावातली हत्यारे

घरातला मुलगा सुतारकाम शिकला, की एक दिवस म्हणतोच, "बाबा, लाकडाचा लेथ घेऊ या." मागणी वावगी नाही. लाटणी, रव्या, पाळण्याचे आणि देव्हाऱ्याचे खांब, खाटेचे पाय ही कामे गावातच निघतात. पण नव्या लेथची किंमत ऐकली की बापाची नजर गोठ्यातल्या बैलाकडे वळते. मग कोणी तरी सांगते, मुंबईला लिलावात निम्म्याने मिळते.

मिळते, हे खरे. घाटकोपरपासून भांडुप, मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गावर, म्हणजे जुन्या आग्रा रोडवर, पूर्वी कारखान्यांची रांगच होती. जिथे लोखंडाचे ओतकाम चाले, तिथे आधी वस्तूचा लाकडी नमुना करावा लागे आणि गोल नमुना लेथवर उतरे. पुढे एकेक कारखाना बंद पडला, त्या जागी मॉल आणि टोलेजंग इमारती आल्या, आणि हत्यारे विक्रीला निघाली. बंद कंपनीची मालमत्ता विकून जो पैसा येतो, त्यात कामगारांच्या थकल्या देण्यांचाही हक्क असतो. 1985 च्या कायदादुरुस्तीने ती देणी तारणदार बँकांच्या बरोबरीला आणली. तेव्हा भाव पाडून घेताना एवढे ध्यानात असू द्यावे.

हातोडी आपटून बोली तोडण्याची रीत आता कमी झाली. 2016 च्या दिवाळखोरी कायद्याखालचे लिलाव बहुधा संगणकावर होतात. वर्तमानपत्रात जाहिरात येते, माल पाहण्याचा दिवस ठरतो, अनामत भरावी लागते. माल 'जसा आहे, जिथे आहे' या अटीवर विकतात. मागाहून तक्रार चालत नाही. शिवाय विकतात तो सगळा ढीग एकदम. चार पटाश्यांसाठी कोणी खातेभर सामान उचलत नाही. ते भंगारवाले उचलतात, आणि तेच सामान कुर्ल्याला किंवा अंधेरीच्या साकीनाक्याला सुटे विकतात. माझ्या मते आपल्यासारख्याने तिथेच जावे. दोन पैसे जास्त पडतील, पण हत्यार हातात घेऊन पाहता येते.

पाहायचे काय? पटाशीची लांबी आधी पाहा. घासून घासून बोटभर उरलेली फुकट दिली तरी घेऊ नका. धारेजवळ निळसर डाग असेल, तर साध्या पोलादाचे पाणी उतरले समजा. तेवढा भाग घासून काढावा लागेल. हायस्पीड पोलाद मात्र निळे पडले तरी कठीणच राहते. दोन्हींतला फरक सहाणेच्या चाकावर कळतो: साध्या पोलादाच्या ठिणग्या पिवळ्या, फुलबाजीसारख्या फुटतात, हायस्पीडच्या थोड्या आणि तांबूस. दुकानदार चाकावर धरू देत नसेल, तर पुढच्या दुकानात जा.

आणि कानशीची केलेली पटाशी कधीही घेऊ नका. अंगावर कानशीचे दाते पुसट दिसतात, त्यावरून ओळखा. कानस ठिसूळ असते. फिरत्या लाकडात अडकली की काचेसारखी तुटते आणि तुकडा थेट तोंडावर येतो. पन्नास रुपये वाचवायला गेलेल्याचा डोळा जायला क्षण लागत नाही.

लेथ घेत असाल तर कण्याला हात घालून वर-खाली हलवून पाहा. खडखड लागली तर बेअरिंगचा खर्च किमतीत धरा. मोटार मात्र नीट वाचून घ्या. कारखान्याची मोटार बहुधा तीन फेजची असते. घरात एकच फेज, आणि विहिरीवरच्या शेतीपंपाच्या जोडणीवर लेथ चालवता येत नाही. ती वीज सवलतीची, शेतीपुरती असते. एक फेजची अर्ध्या ते एक अश्वशक्तीची मोटार लाटण्या-खांबांना पुरते. तेव्हा जुनी मोटार तिथेच सोडून किंमत कमी करायला सांगा. भंगारवाल्याला तांब्याचा भाव येतो, तो बहुधा तयार होतो.