सवलत माझी, सुटका तुमची?

मागच्या ईदला आमच्या जमातीतले एक बुजुर्ग घरी आले. माणूस भला आहे. दरवर्षी न चुकता येतात. शीरखुर्मा घेतला, माझ्या पायांकडे बघून उसासा टाकला आणि उठताना म्हणाले, "सर, ये मोबाइल थोडा कम करो. सब्र करो, अल्लाह से लौ लगाओ." मी मान डोलावली. वडीलधाऱ्यांना तोंडावर उलट बोलायची आपल्याकडे रीत नाही. तेव्हा गिळले ते आज इथे लिहितो.

मी एकलहऱ्यात राहतो. खिडकीतून औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. 2016 च्या पावसाळ्यात मोटारसायकल घसरली, मणका मोडला, मज्जारज्जूला मार बसला. तेव्हापासून कमरेखाली हालचाल नाही, स्पर्श कळत नाही, लघवीवर ताबा नाही. उर्दू शाळेत मराठी शिकवणारा माणूस एका संध्याकाळीत 'बेचारा' झाला.

दवाखान्यातून सोडताना गोळ्यांची यादी मिळाली. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडावर जखम होते, ती हाडापर्यंत जाते, तिच्यातून रक्तात जंतू शिरले तर माणूस दगावतो, हे मात्र कुणी समजावून सांगितले नाही. पहिली जखम झाली तेव्हा मला पत्ताच नव्हता. दुखत नव्हते ना! वास आला तेव्हा बायकोने पाहिले. भेटायला येणाऱ्यांनी दम केला, तावीज दिले, जमजम दिले. दुआची किंमत मी कमी करत नाही. पण त्या जखमेवर बसायचेच नाही, पालथे झोपायचे, उद्याच सर्जनला दाखवायचे आणि पुढे रोज सकाळी आरशात पाठ तपासायची, हे मला सांगितले रत्नागिरीकडच्या एका माणसाने. तो वीस वर्षे चाकाच्या खुर्चीत आहे. त्याला मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेले नाही. आमची ओळख व्हॉट्सॲपवरच्या एका गटातली.

बुजुर्गांना खुपतो तो मोबाइल हाच.

त्या गटात रात्री दोन वाजता एखादी बाई विचारते, नळी तुंबलीय, डोके फुटतेय, घाम येतोय. लगेच उत्तर येते: आधी उठून बस, नळीला पीळ पडलाय का बघ, लघवी मोकळी झाली नाही तर दवाखाना गाठ. छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेल्यांचा रक्तदाब अशा वेळी धोकादायक वाढतो. हे ज्यांनी भोगले आहे त्यांना पाठ असते. 2018 मध्ये मी शाळेत परत रुजू व्हायला गेलो तर 'स्वेच्छेने राजीनामा द्या' असे सुचवले गेले. सही करायच्या बेतात होतो. गटातल्या एका निवृत्त कारकुनाने 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 20 पाठवले. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी वा अनुदानित ठिकाणी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पायरीने खाली आणता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे द्यावे लागते. मी कागद पुढे ठेवला. आज तळमजल्यावरच्या वर्गात शिकवतो. माझ्या घरची चूल सब्रवर चाललेली नाही, या कलमावर चालली आहे.

यात नवे काही नाही. आपल्याच समाजातल्या नसीमा हुरजूक ऐन तारुण्यात कमरेखालून लुळ्या झाल्या. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन ज्यांनी वाचले असेल त्यांना बाबूकाका दिवाण आठवतील. ते स्वतः तसेच अपंग, तरीही कामधंद्यात उभे. त्या भेटीने नसीमाताईंना वाट दिसली, आणि त्यांनी 1984 मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी करून शेकडो जणांना वाट दाखवली. लष्करालाही हे ठाऊक आहे. मणका मोडलेल्या जवानांसाठी पुण्याजवळ खडकीत खास केंद्र आहे, तिथे ते एकमेकांच्या सोबतीने राहतात, शिकतात, खेळतात. 1965 च्या युद्धात जायबंदी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. आपण त्यांच्या जिद्दीच्या गोष्टी मुलांना सांगतो. जिद्दीला सोबत लागते, हे सांगायचे विसरतो. एकलहऱ्यातल्या मास्तराला खडकी कुठून मिळणार? माझी खडकी साडेसहा इंचांच्या पडद्यात आहे.

या पडद्याची मर्यादाही मला कळते. तो मला पलंगावरून खुर्चीत उचलून ठेवत नाही. 'नस मोकळी करणारे' तेल विकणारे तिथेही घुसतात. मागच्या वर्षी गटातला एक तरुण मुलगा गेला, आमच्यातला एकही त्याच्या दारात पोहोचू शकला नाही. आम्ही सगळे आपापल्या खाटेवर रडलो. म्हणून कुणी म्हटले की माणसाला हाडामासाची जमात हवी, तर माझा शंभर टक्के होकार आहे. मग माझा साधा प्रश्न आहे: ती जमात कुठे आहे?

ज्या मशिदीत मी वीस वर्षे जुम्मा अदा केला तिला तीन पायऱ्या आहेत. मिळून दीड फूट. अपघातानंतर उताराची गोष्ट काढली तेव्हा उत्तर मिळाले, "तुम्हाला तर माफ आहे. घरीच पढा."

माफ आहे, खरे आहे. उभे राहून नमाज जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर, ही सवलत सहीह बुखारीत आहे. ज्याचा लघवीवर ताबा नाही त्याच्यासाठी 'माजूर'चे मसाइल उलमांनी शतकांपूर्वी लिहून ठेवले. दीन आमच्याबाबतीत कधीच अडलेला नव्हता. पण सवलत अल्लाहने मला दिली आहे. जमातीने तिचा अर्थ स्वतःची सुटका असा लावला.

अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम आठवा. अंध होते. मशिदीत आणणारा कुणी नाही म्हणून त्यांनी घरी नमाजची परवानगी मागितली. सहीह मुस्लिममधल्या रिवायतीनुसार हजरत मुहम्मद (स.) यांनी विचारले, अजान ऐकू येते का? हो म्हटल्यावर सांगितले, मग या. याच अंध माणसाकडे काही क्षण दुर्लक्ष झाले म्हणून सूरह अबस उतरली. पुढे ते मदिनेत अजान देत. प्रेषितांच्या मशिदीत अंध माणसाचा आवाज घुमत होता, आणि आपल्या मशिदीत व्हीलचेअरची चाके नापाक ठरतात! चाके पुसता येतात. आत वापरायला वेगळी खुर्ची ठेवता येते. करायचेच नसेल तर मसला काढता येतो.

अजान मला घरात स्पष्ट ऐकू येते.

उताराचा हिशेब सांगतो. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट. विटा, सिमेंट, एका बाजूला कठडा. बसून वजू करता येईल असा एक नळ. एक कमोड. जकातीतून मशिदीचे बांधकाम होत नाही हे मलाही माहीत आहे, चंद्यातून होते. मागच्या रमजानआधी झुंबर चंद्यातूनच आले.

तेव्हा चाचा, तुम्ही मोबाइल कमी करायला सांगितलेत, मी करीन. माझी एकच अट आहे. एखाद्या जुम्म्याला माझ्या खुर्चीच्या मागे उभे राहा आणि मला तुमच्या शेजारच्या सफेत घेऊन चला. त्या तीन पायऱ्यांपाशी आलो की मग आपण दोघे मिळून ठरवू, सब्र कुणी करायचा.