कॅसेट भंगारात टाकण्यापूर्वी



आमच्या विहाराच्या कपाटात जुन्या व्हीएचएस कॅसेटी आहेत. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. त्या आनंदात आमच्या वस्तीने काढलेली मिरवणूक त्यातल्या एका कॅसेटवर आहे. त्यात नाचणारी कितीतरी माणसे आज हयात नाहीत. वर्गणी काढून आम्ही कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या. दुकानदार म्हणाला, "आता या भंगारात टाका." पण आम्ही पडलो कारकून. ताळमेळ बसल्याशिवाय वही मिटत नाही.

हा ताळमेळ घेण्याचे साधन म्हणजे एफएफप्रोब. ते एफएफएमपेग या मोफत संचात येते. फॅब्रिस बेलार यांनी या संचाचे काम २००० साली सुरू केले. यात बटणे नाहीत, आज्ञा टंकावी लागते. उबंटू असलेल्या संगणकावर टर्मिनल उघडा. इंग्रजी लहान अक्षरांत आधी 'सुडो एपीटी अपडेट' आणि मग 'सुडो एपीटी इन्स्टॉल एफएफएमपेग' असे टंका. पासवर्ड टंकताना पडद्यावर कदाचित काहीच उमटणार नाही. बिघडले समजून घाबरू नका.

हे साधन एकटे उभे राहत नाही. फाइल उघडायला लिबएव्हीफॉरमॅट, चित्र उलगडायला लिबएव्हीकोडेक असे सोबती लागतात. त्यांना डिपेन्डन्सी म्हणतात. एपीटी हे सगळे सोबती आपणहून आणते. कुणाकडून एकच तुकडा उचलून आणला, तर साधन अडते आणि संदेश देते. तो वाचा, न सापडलेल्या सोबत्याचे नाव बहुधा त्यातच असते.

मग 'एफएफप्रोब' टंकून जागा सोडा आणि फाइलचे नाव द्या. आमच्या फाइलीत चित्र ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे आपल्याकडच्या पाल पद्धतीप्रमाणे बरोबर निघाले. पण 'ड्युरेशन' होते १ तास ५२ मिनिटे! कॅसेट दुकानात देण्यापूर्वी व्हीसीआरवर लावून आम्ही वेळ टिपली होती, ती २ तास ४० मिनिटे. मिरवणुकीनंतरची सभा उतरलीच नव्हती. कॅसेट हाती होती म्हणून ती पुन्हा उतरवता आली.

वेळ जुळली तरी शेवटची दहा मिनिटे डोळ्यांनी पाहा. घरातल्या शिकत्या मुलामुलींना हे काम सांगा. आपला इतिहास आपणच तपासून ठेवायचा आहे.

जयभीम!