संगणकातला पार

नगर-सोलापूर रस्त्यावरचे मिरजगाव आणि पुण्याजवळची हिंजवडी यांचे नाते एरवी एस.टी.च्या तिकिटापुरतेच. मुलगा किंवा मुलगी संगणक अभियंता झाली की घर सुटायचे, हे आपण गृहीतच धरले आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि हे गृहीत काही काळ तरी खोटे ठरले. नोकरदार मुले गावोगावी परतली आणि काम थांबले नाही. मग पुढे अनेक कंपन्यांनी त्यांना पुन्हा शहरात का बोलावले?

माणूस नजरेसमोर असावा, ही साहेबी सवय त्यामागे आहेच. पण सगळा दोष तिच्या माथी मारता येणार नाही. दहा जणांनी लिहिलेले प्रोग्रॅमचे तुकडे शेवटी एकमेकांशी जुळावे लागतात आणि त्यातल्या कितीतरी गाठी बैठकीत नव्हे, तर चहाच्या टपरीवर सुटतात. अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक टॉमस ॲलन यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की दोघांच्या टेबलांत ५० मीटरचे अंतर पडले तरी कामाविषयीचे बोलणे झपाट्याने आटते. मग मिरजगावची काय कथा!

व्हिडिओ कॉलने ही उणीव भरून निघत नाही. सतत रोखलेले चेहरे, त्यात आपलाही चेहरा आणि एका जागी खिळलेले शरीर यांनी माणूस थकतो, असे स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडले. शिवाय तिथे बोलावल्याखेरीज कोणी कोणाला भेटत नाही.

आभासी जगाची कल्पना नेमकी इथे उपयोगी पडते. पडद्यावर एक कचेरी असते, तिच्यात प्रत्येकाची एक बाहुली वावरते. जवळ गेले की आवाज ऐकू येतो, दूर गेले की विरतो. कोण रिकामे आहे, कोण कोणाशी बोलते आहे, हे दिसते. थोडक्यात, हा संगणकातला पारच! २००३ मध्ये सुरू झालेल्या 'सेकंड लाइफ' या आभासी जगात आयबीएमने २००८ साली आपल्या तंत्रज्ञांची परिषद भरवली. २०० हून अधिक जण घरबसल्या जमले आणि खर्च प्रत्यक्ष परिषदेच्या सुमारे पाचव्या हिश्शात भागला, असे सांगितले गेले.

पण भुलून जाऊ नये. डोळ्यांवर चढवायची जड उपकरणे दिवसभर सोसवत नाहीत, आणि ती स्वस्तही नाहीत. साधी, सपाट चित्रांची कचेरी मात्र नेहमीच्या संगणकावर चालू शकते. गावाकडच्या माणसाला तीच परवडेल. दुसरा धोका अधिक मोठा. बाहुली जागेवर आहे की नाही, यावरून हजेरी मोजली जाऊ लागली, तर पाराची चावडी व्हायला वेळ लागणार नाही. येणे-जाणे ऐच्छिक असेल, तरच माणसे मोकळेपणाने बोलतील.

आणि हे सारे उभे राहते ते वीज आणि तार यांवर. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. ती पंचायतीच्या कपाटाशी थांबून उपयोग नाही. ती घरापर्यंत यावी आणि भर पावसातही चालावी. लग्नानंतर गावी आलेली शिकलेली सून, आजारी वडिलांसाठी परतलेला मुलगा, यांची नोकरी टिकते की जाते, हे त्यावर ठरणार आहे. कंपन्यांनी पार बांधावा. त्यावर गावाला जागा मिळेल, हे पाहणे सरकारचे काम आहे.